बिल कोणी भरायचे? आरोग्यसेवेचा खर्च आणि सरकार : प्रस्तावना

महाराष्ट्रातल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात पेशंटला घेऊन नातेवाईक पोचले की खिडकीवर दोन प्रश्न हमखास कानावर पडतात. ‘रेशनकार्ड आणलंय का?’ आणि ‘डिपॉझिट किती भरताय?’ पहिला प्रश्न केस सरकारी योजनेत बसते का हे पाहण्यासाठी असतो. दुसरा, ती बसली नाही तर पैशांची सोय काय, हे विचारण्यासाठी. या दोन प्रश्नांच्या मधली जागा हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे. आजारपणाचा खर्च कुटुंबाने उचलायचा, विमा कंपनीने, धर्मादाय संस्थेने की सरकारने? आणि सरकारने उचलायचा तर किती आणि कोणत्या वाटेने? यावर आपल्याकडे ऐंशी वर्षे वाद चालू आहे. त्या वादातल्या सगळ्या बाजू एका ठिकाणी वाचायला मिळाव्यात, एवढाच या लेखसंग्रहाचा हेतू. लेखांकडे वळण्यापूर्वी त्यांची पूर्वपीठिका ठाऊक असावी म्हणून ही जरा लांबलेली प्रस्तावना.

‘सरकारने आरोग्यावर खर्च करावा की करू नये’ अशा शब्दांत हा वाद नेहमी मांडला जातो, आणि तिथेच त्याची गाडी रुळावरून घसरते. आरोग्यावर अजिबात खर्च न करणारे सरकार आज शोधून सापडणार नाही. खाजगी विम्याचा देश म्हणून अमेरिकेचे उदाहरण देतात; पण तिथेही वृद्धांसाठीचे मेडिकेअर आणि गरिबांसाठीचे मेडिकेड यांचा कायदा १९६५ मध्ये झाला आणि दोन्हींत सरकारी पैसा आहे. आपल्याकडे ‘मी माझं बिल स्वतः भरतो, सरकारचा रुपयाही घेत नाही’ असे म्हणणाऱ्या पगारदाराने अनेकदा विम्याच्या हप्त्यावर प्राप्तिकराच्या ८०-डी कलमाखाली वजावट घेतलेली असते. तेवढा कर सरकारने सोडलेला असतो. ज्या सर्जनकडे तो जातो, तो सर्जन कित्येकदा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात, खर्चाच्या मानाने किरकोळ फी भरून शिकलेला असतो. सरकारी पैसा असा सगळीकडे आहे; कुठे तो उघड दिसतो, कुठे दिसत नाही.

आणि तो पैसा शेवटी लोकांचाच. आरोग्यसेवेत तो तीन वाटांनी येतो : कर, विम्याचा हप्ता आणि आजारी पडल्यावर खिशातून दिलेली रोख रक्कम. खरा वाद आहे तो या तिन्हींच्या प्रमाणाचा. पैसा आजार येण्यापूर्वी गोळा व्हावा की आल्यानंतर, कोणाकडून किती घ्यावा आणि गोळा झालेला पैसा कोणाच्या हाती द्यावा, हे तीन प्रश्न त्यात आहेत. माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकलेले बरे. कराच्या वाटेने येणारा हिस्सा वाढायला हवा, आणि त्या पैशावर पहिला हक्क उपकेंद्रातल्या रोजच्या गोळ्यांचा आहे, शस्त्रक्रियागृहाचा त्यानंतर. पुस्तकातले सगळे लेखक या मताचे नाहीत, आणि ते चांगलेच आहे.

सरकार या क्षेत्रात आले कसे, हे आधी पाहू. एकोणिसाव्या शतकापासून मुंबई-पुण्याची मोठी रुग्णालये दान आणि सरकार यांच्या भागीदारीतून उभी राहिली. भायखळ्याचे जे. जे. रुग्णालय १८४५ चे. त्यामागे सर जमशेटजी जीजीभॉय यांची देणगी होती आणि कंपनी सरकारचा हातभार. पुण्याचे ससून १८६७ चे, डेव्हिड ससून यांच्या देणगीतले. परळचे केईएम १९२६ चे. रुग्णालय महापालिकेचे आणि शेजारच्या महाविद्यालयाला नाव सेठ गोर्धनदास सुंदरदास यांचे. धनिकाने इमारत द्यायची आणि सार्वजनिक तिजोरीने ती चालवायची, हा तेव्हाचा रिवाज होता.

या रिवाजाच्या पलीकडे सरकारला खेचले ते प्लेगने. १८९६ मध्ये मुंबईत साथ आली, पुढच्याच वर्षी पुण्यात पसरली. १८९७ च्या मार्चमध्ये प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. त्याच वर्षी साथरोग कायदा झाला, आणि मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली. साथ गरिबाच्या खोलीत सुरू झाली तरी श्रीमंताच्या बंगल्यापाशी थांबत नाही, हे तेव्हाच्या राज्यकर्त्यांना कोणी समजावून सांगावे लागले नाही. लस, पिण्याचे शुद्ध पाणी, सांडपाणी, डासांचा बंदोबस्त या गोष्टींचा खर्च सरकारनेच करायचा, याबद्दल तेव्हापासून फारसे दुमत राहिलेले नाही. कट्टर बाजारवादी अर्थतज्ज्ञही एवढे मान्य करतात. करोनाच्या वेळी २०२० मध्ये सरकारने बाहेर काढला तोही हाच १८९७ चा कायदा.

मतभेद सुरू होतात ते एका माणसाच्या एका आजारापाशी. माझे अपेंडिक्स दुखले तर त्याचा शेजाऱ्याला संसर्ग होत नाही. मग त्याचा खर्च शेजाऱ्याच्या करातून का? या प्रश्नाला भारतात पहिले सविस्तर उत्तर दिले ते भोर समितीने. अध्यक्ष सर जोसेफ भोर हे नाशिकला जन्मलेले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले सनदी अधिकारी. १९४३ मध्ये समिती नेमली गेली, १९४६ मध्ये तिचा अहवाल आला. पैसे नाहीत म्हणून कोणीही पुरेशा उपचारांवाचून राहू नये, हे तिचे पहिले सूत्र. तालुक्या-तालुक्यात, सुरुवातीला चाळीस हजार लोकवस्तीमागे एक, अशी प्राथमिक आरोग्य केंद्रे उभारावीत, त्यावर मोठ्या रुग्णालयांची उतरंड असावी आणि उपचार व प्रतिबंध ही कामे एकाच यंत्रणेने करावीत, ही तिची शिफारस. काँग्रेसच्या राष्ट्रीय नियोजन समितीने नेमलेली आरोग्याची उपसमितीही साधारण याच दिशेने विचार करत होती. तिचे अध्यक्ष कर्नल साहिबसिंग सोखी हे परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचे संचालक होते.

ब्रिटनमध्ये याच सुमारास, १९४२ च्या बेव्हरिज अहवालानंतर, ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. युद्धाने कर्जबाजारी झालेल्या देशाने ती सुरू केली, हे ‘आधी श्रीमंत होऊ, मग आरोग्याचे पाहू’ असे म्हणणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. आपण मात्र भोर समितीचा आराखडा स्वीकारला आणि पैसा दिला नाही. १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रे निघू लागली, पण समितीला हवी होती तशी सुसज्ज नव्हती. राज्यघटनेने आरोग्य राज्यांच्या यादीत घातले आणि लोकांचे आरोग्य सुधारणे हे ४७ व्या कलमात राज्याचे कर्तव्य म्हणून नोंदवले. पण ते मार्गदर्शक तत्त्व, न्यायालयात मागता येईल असा हक्क नव्हे. दरम्यान, ज्यांचा आवाज संघटित होता त्यांची सोय आधी झाली. कामगार राज्य विम्याचा कायदा १९४८ चा, केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना १९५४ ची. गिरणी कामगाराला ‘ईएसआय’चे कार्ड मिळाले, दिल्लीतल्या कारकुनाला सरकारी दवाखाना मिळाला, कोरडवाहू शेतकरी, शेतमजूर, मोलकरीण आणि हमाल यांच्या वाट्याला आरोग्य केंद्राची इमारत आली.

आता युक्तिवादांकडे वळू. आरोग्यसेवा बाजारावर का सोपवू नये, याचे अर्थशास्त्रीय उत्तर केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ च्या एका निबंधात दिले, आणि तो निबंध आजही या वादाचा पाया मानला जातो. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. आजार कधी येईल हे कोणाला ठाऊक नसते. आल्यावर कोणता उपचार लागेल, हे गिऱ्हाइकाला कळत नाही. ते विकणाराच सांगतो. मिळालेला माल चांगला होता की वाईट, हे वापरल्यावरही नीट समजत नाही. भाजीबाजारात भेंडी निवडून घेणारा ग्राहक अतिदक्षता विभागाच्या दाराशी निवड करण्याच्या अवस्थेत नसतो. म्हणून इथे किमती आपोआप ताळ्यावर राहत नाहीत.

मग विमा? विम्याचे तत्त्व गावातल्या भिशीसारखेच आहे, पण एक फरक आहे. भिशीत प्रत्येकाचा नंबर कधी ना कधी लागतो. इथे तो कोणाचा लागेल ते ठाऊक नसते, आणि लागू नये अशीच प्रत्येकाची इच्छा असते. त्यामुळे तरुण आणि धडधाकट माणूस भिशीत यायला कुरकुरतो, आजारी माणूस मात्र धावत येतो. विमा कंपनी मग मधुमेहाच्या रुग्णाचा हप्ता वाढवते, जुन्या दुखण्यांसाठी काही वर्षांची अट घालते, वयस्कर माणसाला टाळते. तिच्या जागी ते शहाणपणाचेच असते. पण ज्याला सगळ्यात जास्त गरज, त्यालाच विमा महाग, असा त्याचा परिणाम होतो. सगळ्यांना सक्तीने भिशीत आणण्याची ताकद फक्त सरकारकडे आहे, आणि त्या सक्तीलाच आपण कर म्हणतो.

दुसरी बाजूही तेवढीच गांभीर्याने ऐकली पाहिजे. फुकट मिळाले की वापर वाढतो, हा तिचा पहिला मुद्दा, आणि त्याला पुरावा आहे. अमेरिकेत रँड संस्थेने सत्तरच्या दशकात हजारो कुटुंबांवर एक मोठा प्रयोग केला. काहींना उपचार पूर्ण मोफत, काहींना खर्चाचा काही भाग स्वतः भरण्याची अट. मोफतवाल्यांनी सेवा बरीच जास्त वापरली. सरासरी माणसाच्या तब्येतीत मात्र फार फरक पडला नाही. मोफत सेवेचे विरोधक हा प्रयोग नेहमी सांगतात. त्याच प्रयोगातला दुसरा निष्कर्ष ते सांगत नाहीत : जे गरीब होते आणि ज्यांना रक्तदाबाचा त्रास होता, त्यांना मोफत सेवेचा फायदा स्पष्ट झाला.

दुसरा मुद्दा सरकारी यंत्रणेच्या कार्यक्षमतेचा. मध्य प्रदेशात संशोधकांनी ठरावीक लक्षणे सांगणारे प्रशिक्षित ‘रुग्ण’ डॉक्टरांकडे पाठवले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसले की सरकारी दवाखान्यातला डॉक्टर आपल्या खाजगी क्लिनिकमध्ये रुग्णाला अधिक वेळ देतो आणि योग्य उपचार करण्याची शक्यताही तिथे अधिक असते. माणूस तोच, पदवी तीच. पैसा येण्याची रीत बदलली की वागणूक बदलते. तिसरा मुद्दा लोकांच्या निवडीचा. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीत, बाळंतपणे वगळता, रुग्णालयात दाखल झालेल्या दर शंभरांपैकी सुमारे ५५ जण खाजगी रुग्णालयात गेले होते. त्याच पाहणीनुसार एका भरतीचा सरासरी खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये होता आणि खाजगीत ३१,८४५. सातपट खर्च सोसून लोक तिकडे जात असतील, तर सरकारी रुग्णालयात आणखी पैसा ओतून काय साधणार, असा हा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे ‘सरकारी ते चांगलेच’ हे उत्तर खोटे आहे, आणि ‘सरकारी ते टाकाऊच’ हेही. बायपास, हृदयाचे व्हॉल्व्ह, भाजलेले रुग्ण, विषबाधा, सर्पदंश, गुंतागुंतीची बाळंतपणे असे अवघड रुग्ण खाजगीतून हात वर झाल्यावर केईएम, सायन, ससूनलाच येतात. दुसरीकडे जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये डॉक्टरची जागा रिकामी, सोनोग्राफीचे मशीन आहे तर चालवणारा नाही, आणि औषधाच्या खिडकीवर ‘बाहेरून आणा’ अशी चिठ्ठी, हा अनुभवही खरा. ज्या यंत्रणेला दशकानुदशके अपुरा पैसा दिला तिची अवस्था दाखवून तिला पैसा नाकारायचा, हे तर्काला धरून नाही. पण पैसा दिला म्हणजे ती आपोआप सुधारेल, असे मानणेही भाबडेपणाचे आहे.

पैसा किती दिला, ते आकड्यांत पाहू. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये देशातल्या एकूण आरोग्य खर्चात सरकारचा वाटा २८.६ टक्के होता आणि कुटुंबांच्या खिशातून जाणारा ६४.२ टक्के. २०२१-२२ मध्ये सरकारी वाटा ४८ टक्क्यांवर गेला आणि खिशातला ३९.४ टक्क्यांवर आला. सकल देशांतर्गत उत्पादनाच्या हिशेबात सरकारी खर्च १.१५ टक्क्यांवरून १.८४ टक्क्यांवर पोचला. सुधारणा मोठी आहे, पण तिच्यात करोनाच्या वर्षाचा जादा खर्च मिसळलेला आहे आणि खिशातल्या खर्चाचे अंदाज २०१७-१८ च्या पाहणीवर बेतलेले आहेत. त्यावर अभ्यासकांमध्ये वाद आहेत. पुस्तकातले दोन लेख त्याच वादावर आहेत. एवढे मात्र निर्विवाद आहे की २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत अडीच टक्के गाठण्याचे ठरवले होते. त्यापूर्वी डॉ. श्रीनाथ रेड्डी यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने २०११ मध्ये तेच सांगितले होते, आणि २००२ च्या धोरणाने २०१० पर्यंत दोन टक्क्यांचे लक्ष्य ठेवले होते. दर वेळी तारीख पुढे गेली.

गेल्या दोन दशकांत जो जादा पैसा आला, त्यातला डोळ्यांत भरणारा भाग विमा योजनांच्या वाटेने आला. २००७ मध्ये आंध्रात आरोग्यश्री, २००८ मध्ये केंद्राची तीस हजारांचे संरक्षण देणारी राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना, २०१२ मध्ये महाराष्ट्रात आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना. ती पुढच्या वर्षी राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली. वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांचे संरक्षण, खर्च बहुतेक राज्यांत केंद्र साठ आणि राज्य चाळीस टक्के. १ जुलै २०२४ पासून महाराष्ट्राची योजनाही पाच लाखांची झाली. पिवळ्या-केशरी कार्डाची अट सुटून पांढरे कार्डवालेही तिच्यात आले.

या योजनांनी केलेले काम मान्य करायला हवे. डायलिसिस, केमोथेरपी, अँजिओप्लास्टी यांसाठी जमिनीचा तुकडा विकावा लागलेली घरे गावोगाव आहेत. त्यातल्या पुष्कळांना योजनेने हात दिला. रुग्णालयातला आरोग्यमित्र हा गोंधळलेल्या नातेवाइकांना खरोखर मोठा आधार असतो. पण योजनेच्या रचनेतच तिची मर्यादा आहे. ती दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. साखरेच्या, रक्तदाबाच्या, दम्याच्या रोजच्या औषधांचा खर्च तिच्यात बसत नाही. कुटुंबाच्या खिशातून महिन्या-महिन्याला जाणारा पैसा नेमका तिथेच जातो. रक्तदाबाची गोळी परवडली नाही म्हणून थांबवली, दोन वर्षांनी पक्षाघात झाला, आणि मग योजनेतून लाखाचे बिल भरले गेले, तर त्याला बचत म्हणायचे की उधळपट्टी?

दुसरी मर्यादा भूगोलाची. विम्याचा पैसा जिथे रुग्णालय आहे तिथे जातो. पुणे, नाशिक, नागपूरला यादीतली रुग्णालये भरपूर. भामरागड किंवा अक्कलकुव्यात कार्ड आहे आणि ते चालवायला रुग्णालय नाही. तिसरी मर्यादा दरांची. रुग्णालये म्हणतात, पॅकेजचे दर अपुरे आहेत आणि पैसे वेळेवर येत नाहीत. रुग्ण म्हणतात, योजनेत असूनही वरचे पैसे मागितले गेले. दोन्ही तक्रारी एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, आणि त्या सोडवायला सरकारला खर्चाचा हिशेब आणि देखरेख दोन्ही यायला हवीत.

देखरेख सरकारला जमतच नाही असे नाही. मे २०२० मध्ये महाराष्ट्राने खाजगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटा सरकारी दराखाली आणल्या : साधा विलगीकरण कक्ष दिवसाला ४,००० रुपये, अतिदक्षता ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. बिलांचे लेखापरीक्षणही झाले. दरांवर भांडणे झाली, पळवाटाही निघाल्या. तरी इच्छा असेल तर सरकार काय करू शकते हे दिसले. धर्मादाय रुग्णालयांचे उदाहरण याच्या उलट. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या ४१-अअ कलमाखालील योजनेनुसार त्यांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. बदल्यात करसवलत आणि इतर सोयी मिळतात, म्हणजे या खाटांचे पैसे समाजाने एका अर्थी आधीच भरलेले आहेत. तरीही त्या मिळवायला ओळख, चिठ्ठी किंवा आमदाराचा फोन लागतो, अशी तक्रार जुनीच आहे.

राज्यांच्या सीमेवर तर हा वाद आणखी उघडा पडतो. सावंतवाडी-दोडामार्गच्या रुग्णाला ओरोस किंवा कोल्हापूरपेक्षा गोव्याचे बांबोळी जवळचे वाटते. १८४२ च्या पोर्तुगीज वैद्यकीय विद्यालयाचा वारसा सांगणाऱ्या गोवा मेडिकल कॉलेजचे रुग्णालय तिथे आहे. गोव्याने आपल्या रहिवाशांसाठी २०१६ मध्ये दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आणली आणि २०१८ मध्ये परराज्यातल्या रुग्णांकडून शुल्क घ्यायला सुरुवात केली. दोडामार्गात आंदोलन पेटले. गोव्याचे म्हणणे, आमच्या करदात्याने शेजारच्या राज्याचा भार का उचलावा. सिंधुदुर्गाचे म्हणणे, आजाराला राज्याची हद्द कळत नाही. दोन्ही म्हणणी समजण्यासारखी आहेत. चूक होती ती सिंधुदुर्गात वेळीच पुरेशी सोय न करणाऱ्यांची.

खालच्या पायरीवर कमी पैशात काय होऊ शकते, हे जगाला दाखवणाऱ्यांत महाराष्ट्र पुढे आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या, बहुतेक निरक्षर, बायकांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवले. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेऊन अर्भकमृत्यू किती कमी करता येतात हे सिद्ध केले. १९९९ मध्ये ते संशोधन ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि पुढे देशाच्या कार्यक्रमात गेले. २००५ पासून आलेली आशा ही याच परंपरेतली. पण आशाला पगार नाही, कामावर मोजलेला मोबदला आहे, आणि तो वाढवून घ्यायला तिला आझाद मैदानात बसावे लागते. ज्या पायरीवर रुपयाचे काम सगळ्यात जास्त होते, त्याच पायरीवर सरकारचा हात आखडतो.

औषधांचेही तसेच. तामिळनाडूने नव्वदच्या दशकात महामंडळ स्थापून औषधखरेदी एका ठिकाणी आणली आणि प्रत्येक दवाखान्याचा साठा कळेल अशी व्यवस्था केली. राजस्थानने २०११ मध्ये मोफत औषध योजना सुरू केली. महाराष्ट्राने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरसह सगळे उपचार मोफत केले, आणि त्याच वर्षी औषधखरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदाही केला. केसपेपर फुकट झाल्याने दहा रुपये वाचतात. गोळ्या बाहेरून आणाव्या लागल्या तर शेकडो जातात. म्हणून मोफत सेवेची परीक्षा औषधाच्या खिडकीवर होते.

आरोग्य हा हक्क करावा का, यावर पुस्तकाचा शेवटचा विभाग आहे. रेल्वेतून पडलेल्या एका शेतमजुराला कोलकात्यात एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितले की तातडीचे उपचार देणे हे सरकारचे घटनात्मक कर्तव्य आहे आणि पैसा नाही ही सबब चालणार नाही. राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदाच केला. डॉक्टर रस्त्यावर उतरले, कारण तातडीच्या रुग्णाला पैसे न घेता खाजगी रुग्णालयाने उपचार द्यायचे तर ते पैसे सरकार कधी आणि किती देणार, याची त्यांना खात्री नव्हती. डॉक्टरांवर टीका झाली, पण त्यांचा प्रश्न रास्त होता. तिजोरीची तरतूद नसलेला हक्क कागदावर राहतो किंवा दुसऱ्याच्या गळ्यात पडतो. थायलंडने २००१ पासून सगळ्यांसाठी योजना आणली तेव्हा या दोन्ही गोष्टी एकत्र केल्या. पैसा करातून दिला, आणि तो माणशी ठरावीक रकमेने आधी जवळच्या दवाखान्याला दिला; रुग्णाने सुरुवातीला फक्त तीस बात भरायचे. आपल्याइतक्याच अडचणींचा, मध्यम उत्पन्नाचा देश हे करू शकला.

या सगळ्यातून माझा निष्कर्ष असा. सरकारने पैसा वाढवावा, आणि वाढलेल्या पैशाचा क्रम ठरवावा : आधी औषधे आणि रिकाम्या जागा, मग ग्रामीण आणि जिल्हा रुग्णालये, आणि त्यांना न पेलणाऱ्या उपचारांसाठी खाजगीशी करार. आज हा क्रम उलटा आहे, कारण शस्त्रक्रियेचे लाभार्थी फलकावर छापता येतात, वेळेवर मिळालेल्या गोळीमुळे न झालेला पक्षाघात छापता येत नाही. खाजगी क्षेत्र संपवावे असे मी म्हणत नाही. पण लोक आपल्या पसंतीने तिकडे जातात असे म्हणण्यापूर्वी त्यांना जवळ एक धड सरकारी पर्याय दिला गेला होता का, हे विचारले पाहिजे.

वाचकांना एक विनंती. पुस्तक संपल्यावर मत कोणतेही बनो, आपल्या भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा महापालिकेच्या दवाखान्यात एकदा जाऊन या. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या आज आहेत का, डॉक्टरची जागा भरलेली आहे का, आणि रुग्ण कल्याण समितीची शेवटची बैठक कधी झाली, हे विचारा. मिळालेली उत्तरे ग्रामसभेत किंवा नगरसेवकापुढे मांडा, आणि मार्चमध्ये राज्याचा अर्थसंकल्प येईल तेव्हा आरोग्याच्या पानावर त्यांच्यासाठी किती रक्कम आहे ते पाहा.